तब्येतीचं विचारा : नुसता रिपोर्ट नको, अख्खा दिवस लिहून पाठवा

गेल्या अंकात मी एक विनंती केली होती, की प्रश्न पाठवताना नुसता रिपोर्टचा फोटो पाठवू नका, सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय करता ते पण लिहा. बऱ्याच जणांनी खरंच लिहिलं, काहींनी तर चार चार पानं, खूप बरं वाटलं वाचून. कधी उठतो, किती चहा, किती वाजता जेवतो, सगळं होतं. फक्त एक गोष्ट जवळजवळ कुणीच लिहिली नव्हती, ती म्हणजे जेवायला बरोबर कोण असतं. काही जणांना मी उलट मेसेज करून विचारलं आणि त्या उत्तरांनी मला पत्रं परत एकदा वाचायला लावली. त्यातली निवडक इथे घेते.

प्रश्न : मॅडम, वय ३८, हिंजवडीत सॉफ्टवेअरमधे आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ६४ किलो. हातपाय बारीक, थोडं पोट आलंय पण शर्टात दिसत नाही. कंपनीच्या चेकअपमधे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) ६.१ आलं, प्रीडायबिटीस लिहिलंय. गोड खात नाही, चहा बिनसाखरेचा. वडिलांना डायबिटीस आहे. माझ्यापेक्षा दीडपट वजनाचे लोक नॉर्मल आणि मलाच हे कसं? रिपोर्ट चुकला असेल का? दिवस असा : ८ ला उठतो, पोहे किंवा उपमा, ९ पासून लॅपटॉप, दुपारी डेस्कवरच डबा, संध्याकाळी अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल, साडेदहाला जेवण, १ ला झोप.

उत्तर : रिपोर्ट चुकला असेल असं मला वाटत नाही. तरी रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो कधी कधी, म्हणून हिमोग्लोबिन बघून घ्या आणि एकदा उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर पण करा. पण "मी बारीक आहे मग मला कसं" हा जो तुमचा प्रश्न आहे ना, त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. २००४ साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता, एक आपले पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी एकसारखं. पण आतली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन तेच, चरबी दुपटीहून जास्त! तुमचा बीएमआय मी काढला, तो पण २२ च्याच आसपास येतो.

आपल्याकडे हे जन्मापासूनच असतं. याज्ञिक सरांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ खेड्यांमधल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांमधे कमी पडलेलं होतं ते मुख्यतः स्नायूंचं वजन, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. मोठेपणी हाच माणूस खुर्चीवर बसला की स्नायू अजून उतरतात आणि पोटात, लिव्हरमधे चरबी साठते. आणि स्नायू म्हणजे साखरेचं गोदाम आहे हो. जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. गोदामच लहान असेल आणि दिवसभर त्याचं शटर बंद असेल तर माल रस्त्यावरच पडून राहणार, गोड खा नाहीतर नका खाऊ, कारण पोहे, उपमा, पोळी, भात यांची पण शेवटी साखरच होते.

तर पहिलं काम, वजनकाटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मापा. आपल्या पुरुषांमधे ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांमधे ८० च्या वर गेलं की काळजी घ्यायची.

दुसरं, बसणं. १९५३ साली लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांची तुलना केली होती. एकच बस, एकच डेपो, पगाराची परिस्थिती पण साधारण तशीच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभरात शेकडो पायऱ्या चढून उतरून. हार्टचा त्रास ड्रायव्हर लोकांना जास्त निघाला. त्यासाठी कंडक्टरांना जिमला जावं लागलं नव्हतं, त्यांचं कामच तसं होतं. तुमच्या कामात पायऱ्या नाहीत म्हणून त्या मुद्दाम घालाव्या लागतील. ज्या कॉलमधे फक्त ऐकायचं असतं तो उभं राहून, चालत घ्या. दुपारचा डबा डेस्कवर नको, कॅन्टीनमधे जा आणि येताना १० मिनिटं फिरून या. आणि रात्री जेवल्यावर शतपावली! आपल्या आजी-आजोबांचा शब्द आहे हा आणि तो शंभर टक्के बरोबर आहे, जेवणानंतर १०-१५ मिनिटं रमतगमत चाललं तरी साखर कमी चढते, कारण चालताना स्नायू साखर ओढून घेतात. जिमचे पैसे भरायच्या आधी हे करा.

याच्या जोडीला आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, बैठका, जोर, सूर्यनमस्कार, काहीही. तालमीत जाणारी आपली जुनी माणसं जोर-बैठका काढायची त्याला आता इंग्लिश नाव मिळालंय एवढंच. दहा बैठकांपासून सुरू करा. खाण्यात पोहे सोडायची गरज नाही पण पोहे एकटे नकोत, वर मूठभर शेंगदाणे आणि बाजूला वाटीभर मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी घ्या. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात सगळ्यात शेवटी आणि थोडा. क्रम बदलला तरी फरक पडतो.

आता साडेदहाचं जेवण. रात्री उशिरा शरीराची साखर सांभाळायची क्षमता सकाळपेक्षा कमी असते, तेच ताट तुम्ही ८ ला खाल्लं तर साखर कमी चढेल. मी तुम्हाला विचारलं होतं की जेवायला बरोबर कोण असतं, तर तुम्ही लिहिलंत की "मिसेस थांबते, मग दोघं जेवतो, मुलगी आधीच झोपलेली असते." म्हणजे साडेदहाला त्या पण जेवतात, मग ओटा आवरून झोपायला त्यांना पण १ वाजतो आणि सकाळी मुलीच्या शाळेसाठी उठायला ६. तुमची झोप ७ तास होते, त्यांची जेमतेम ५. तेव्हा टीमला सांगून ८ ते ८.३० कॅलेंडर ब्लॉक करा, तिघं एकत्र जेवा, शतपावलीला तिघं जा, मग परत कॉलला बसा. आणि त्यांची पण एकदा तपासणी करून घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

घाबरून जाऊ नका पण "फक्त प्रीच आहे" म्हणून सोडून पण देऊ नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मधे एक अभ्यास छापला, साखर वाढायला लागलेल्या पण डायबिटीस न झालेल्या लोकांवर. नेहमीसारखंच चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे तीन वर्षांत १०० मधल्या ५५ जणांना डायबिटीस झाला, खाणं आणि चालणं सुधारणाऱ्यांमधे ३९ जणांना. आपल्याच लोकांमधले आकडे आहेत हे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा आणि मला कळवा.

प्रश्न : सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी विरघळते का? दोन वर्षं घेतेय, वजन तेवढंच आहे. (ठाणे)

उत्तर : नाही विरघळत. मध पण साखरच आहे, मोठा चमचाभर मधात ६० च्या आसपास कॅलरी असतात. लिंबू चांगलं आहे, पण ते जेवणात पिळा, का ते पुढच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४६, सांगलीजवळच्या गावात राहते, अंगणवाडीत काम करते. दोन वर्षांपासून खूप थकवा येतो, दुपारनंतर पाय ओढत चालते, रात्री तळपायाला मुंग्या येतात. चिडचिड होते, साध्या गोष्टी विसरते. आम्ही माळकरी, अंडी-मटण घरात नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी धरते, उपासाला साबुदाणा खिचडी आणि चहा. चहा दिवसातून पाच-सहा वेळा होतो. पाळी आता महिन्यातून दोनदा येते आणि खूप जाते. घरचे म्हणतात वयाचं आहे.

उत्तर : ताई, हे वयाचं नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला वाईट वाटलं, कारण तुम्ही रोज दुसऱ्यांच्या पोरांचं वजन करता, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या घ्या म्हणून सांगता आणि स्वतःकडे बघायला दोन वर्षं कुणी सांगितलं नाही.

आधी तपासण्या : सीबीसी (म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी१२, थायरॉईडची टीएसएच, साखर. आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या महिन्यातच जा. पाळी जायच्या आधी मागेपुढे होते हे खरं, पण महिन्यातून दोनदा आणि एवढी जात असेल तर सोनोग्राफी करून कारण बघायलाच हवं, गाठी असतील, अजून काही असेल. हे पुढे ढकलू नका.

मुंग्या आणि विसरणं यामुळे मला बी१२ ची शंका येतेय. बी१२ पालेभाज्या, डाळी, कडधान्यं यात नसतं, दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यातच असतं. शाकाहारी माणसाला दूध-दही हाच आधार, आणि ज्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं दही बाईच्या वाट्याला येतं तिथे बी१२ कमी होणारच. नसांवर याचा परिणाम होतो, मनावर पण होतो, चिडचिड आणि विसरणं हा स्वभाव नाही, ते कमतरतेचं लक्षण असू शकतं. गोळ्या किंवा इंजेक्शनने हे भरून निघतं, पण फार उशीर केला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून घाई करते मी. मनाने नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेत राहू नका, त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचा त्रास आत चालूच राहतो.

लोहाचं म्हणाल तर महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, सरकारच्याच पाहणीत आलंय, तुम्ही एकट्या नाही. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की भाजी-भाकरीतलं लोह नीट अंगी लागत नाही. चहा सोडा असं मी म्हणत नाही, अंगणवाडीतून दमून आल्यावर चहा लागतोच, पण जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको. आणि जेवणात लिंबू पिळा, लिंबामुळे लोह जास्त शोषलं जातं. मेथी, चवळी, मटकी, बाजरीची भाकरी, भाजी लोखंडी कढईत करा, त्याने पण थोडी भर पडते.

उपासाबद्दल. तुमची श्रद्धा आहे, मोडा असं मी सांगणार नाही. पण हिशोब करा, दर सोमवार आणि गुरुवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या, म्हणजे महिन्यातले १०-१२ दिवस तुमचं मुख्य जेवण साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन नाही म्हटलं तरी चालेल, खिचडीतल्या शेंगदाण्याचंच काय ते पोटात जातं. उपासालाच चालणारं दुसरं बरंच आहे की, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, रताळं, वाटीभर घट्ट दही, ग्लासभर दूध. भगर पण चालेल पण भगरीचं सुटं तयार पीठ आणू नका, आपल्याकडे दरवर्षी महाशिवरात्रीला आणि नवरात्रात त्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. अख्खी भगर आणा, निवडा, घरी दळा.

आणि शेवटचं, हे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवा, यजमानांसमोर आणि सूनबाईंसमोर पण. तुम्ही लिहिलंत की "सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशीच उभ्याने खाते." उद्यापासून सगळ्यांबरोबर बसून खायचं. ताट एकदम वाढून घ्यायचं, दही आधी स्वतःच्या वाटीत. पोळ्या गरम नसतील एखाद्या दिवशी, काही बिघडत नाही. औषध मी लिहून देऊ शकते, पण तुमची पहिली वाटी तुमच्या घरच्यांनीच भरली पाहिजे.

प्रश्न : मॅम मी चाकणला कंपनीत आहे, वय २६. आठवड्याला शिफ्ट बदलते, थर्ड शिफ्ट ११ ते ७. थर्डला असलो की दिवसा झोपच लागत नाही, ३-४ तास फक्त. अ‍ॅसिडिटी होते, वजन वाढलंय, गाडी चालवताना डुलकी लागते. रूमवर चौघं आहोत, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या.

उत्तर : तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणते. सगळ्यात आधी डुलकीचं. सकाळी ७ ला सुटल्यावर गाडीवर डोळा लागणं म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याइतकंच धोक्याचं आहे. कंपनीची बस असेल तर थर्ड शिफ्टच्या आठवड्यात बसनेच ये. नसेल तर निघायच्या आधी कंपनीतच २० मिनिटं डोळे मिटून पड, तोंडावर पाणी मारून निघण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

झोप का लागत नाही? आपल्या मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, तुझ्या शिफ्टच्या चार्टवर चालत नाही. सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की ते म्हणतं उठ, दिवस झाला. म्हणून रूमवर आल्यावर मोबाईल बघत बसू नको, सरळ झोप. खिडकीला जाड काळा कपडा किंवा पुठ्ठा लाव, डोळ्यावर पट्टी, कानात बोळे, फोन सायलेंट, आईला सांगून ठेव की १ च्या आत फोन करू नको. एका दमात ७ तास नाही झाले तर ५ तास सकाळी आणि दीड-दोन तास रात्री निघायच्या आधी, असं तुकड्यात पण चालतं. चहा-कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच घे, कॉफीचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनी पण अंगात असतो, ४ वाजता घेतलेली कॉफी तुला ९ ला झोपू देणार नाही.

खाण्याचं, तुझं मुख्य जेवण रात्री ९ च्या सुमारास, कामाला जायच्या आधी व्हायला पाहिजे. मध्यरात्री २ ला कॅन्टीनमधे भात, वडापाव, भजी असं पोटभर खाल्लं की अ‍ॅसिडिटी होणार आणि वजन पण वाढणार, त्या वेळी पोटाची पण झोपायची वेळ असते रे. रात्री फुटाणे, ताक, केळं, उकडलेलं अंडं, एवढंच ठेव.

रात्रपाळी हे काही हलकं प्रकरण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने २००७ मधे रात्रपाळीला बहुधा कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं आणि २०१९ मधे परत तपासून तिथेच ठेवलं. वर्षानुवर्षं करणाऱ्यांसाठी आहे हे, उद्या काही होणार असं नाही, पण म्हणूनच शिफ्ट कशी फिरते ते महत्त्वाचं. फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड असं पुढे पुढे फिरलं तर शरीर सोपं जुळवून घेतं, उलटं फिरलं तर त्रास जास्त. तुमच्याकडे उलटं असेल तर युनियनकडे किंवा सुपरवायझरकडे चौघं मिळून मागणी करा, मागायला काय जातंय. आणि रूमवर पण चौघांनी बसून एक ठरवा, थर्डवाला झोपलेला असताना गाणी बंद, लाईट बंद. आज त्याची पाळी, पुढच्या आठवड्यात तुझी.

प्रश्न : रोज एक पेग हार्टला चांगला असतो म्हणतात, खरं का? (नागपूर)

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मधे स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. पित नसाल तर हार्टसाठी म्हणून सुरू तर अजिबात करू नका.

प्रश्न : मी बार्शीकडचा शेतकरी, वय ४४. वीस वर्षं तंबाखू-चुना मळून खातो, दिवसाला आठ-दहा वेळा. बायको सोडा म्हणते पण ती स्वतः सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. सोडायचा प्रयत्न केला तर दोन दिवस पोटच साफ होत नाही, डोकं धरतं, परत खातो. उपाय सांगा.

उत्तर : दादा, तुम्ही खरं लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. पोट साफ होत नाही ही तक्रार तंबाखू सोडू पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस करतो आणि ती खोटी नसते. निकोटीनमुळे आतड्याची हालचाल वाढते, वीस वर्षं आतड्याला त्या धक्क्याची सवय लागलीय. पण ती दोन-चार आठवड्यांत परत आपली आपण चालायला लागते, तेवढे दिवस काढायचे. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, रात्री इसबगोल. डोकं धरणं, चिडचिड पहिल्या आठवड्यात जास्त असते मग उतरते.

चुना का लावतात माहितीये का, चुन्यामुळे निकोटीन तोंडातून पटकन रक्तात जातं, म्हणून नुसत्या तंबाखूपेक्षा मळलेली जास्त चढते आणि जास्त धरून ठेवते. तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं समजू नका, हे व्यसनच तसं आहे. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमधे मिळतं, डॉक्टरांना विचारून सुरू करा. सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, तिथे माणसं बोलतात, पुढे स्वतःहून फोन करून चौकशी पण करतात. तलफ आली की साधारण पाच-दहा मिनिटं असते, तेवढ्यात तोंडात बडीशेप, ओवा, आवळा टाका. पण सुपारी नको! तंबाखू सोडून सुपारी धरणारे मी खूप बघितलेत, सुपारी स्वतःच कॅन्सर करते.

आज आरशात तोंड उघडून बघा. उभी तीन बोटं आत जातात का, गालात आतून किंवा जिभेखाली पांढरा किंवा लाल डाग आहे का, दोन आठवड्यांपेक्षा जुना फोड आहे का. यातलं काहीही असलं तर दुखत नसलं तरी दाताच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात, सुरुवातीला हे दुखत नाही हाच मोठा धोका आहे.

आणि वहिनींची मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायच्या नावाखाली निकोटीन दिवसातून दोनदा हिरड्यांतून आत जातं, त्यांना पण सोडताना तुमच्यासारखाच त्रास होणार. म्हणून एकट्याने सोडू नका. दोघांनी एकच दिवस ठरवा, डबी आणि मिश्रीची बाटली एकाच वेळी चुलीत टाका, तिला नवीन ब्रश आणि पेस्ट आणून द्या. पारावर बसणाऱ्या मित्रांना पण आधीच सांगा, कारण आपल्याकडे पुडी पुढे करणं हा राम राम घालण्यासारखा प्रकार आहे, समोरच्याला माहीत नसेल तर तो प्रेमाने पुढे करणार आणि तुम्ही प्रेमाने घेणार.

प्रश्न : मी एसटीत कंडक्टर होतो, तीन वर्षांपूर्वी ५८ ला रिटायर झालो. मिरजेत राहतो, पत्नी दीड वर्षापूर्वी गेली, मुलगा पुण्यात. शुगर नाही, बीपी नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण काहीच करावंसं वाटत नाही. सकाळी चारला जाग येते. जेवण एकदाच बनवतो आणि दोन्ही वेळा तेच खातो, टीव्ही चालू असतो पण बघत नाही. डॉक्टर म्हणतात तुम्ही ठणठणीत आहात. मग मला असं का होतंय?

उत्तर : काका, वरच्या एका उत्तरात मी लंडनच्या कंडक्टरांबद्दल लिहिलंय, तेव्हा तुमचं पत्र माझ्या समोरच होतं. तुम्ही तीसेक वर्षं चालत्या गाडीत उभे राहिलात, चढलात उतरलात, आणि रोज शेकडो माणसांशी बोललात, पुढे सरका, सुट्टे द्या, आजी हळू उतरा. ते सगळं एका दिवसात बंद झालं. त्यात काकू गेल्या. रिपोर्टमधे रक्त मोजतात, हे मोजत नाहीत. तुम्ही ठणठणीत नाही आहात, तुम्हाला त्रास होतोय आणि तो खरा आहे.

पहाटे चारला जाग, कशात मन न लागणं, जेवण कमी होणं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं की त्याला डिप्रेशन असू शकतं असं आम्ही धरतो, आणि त्याला औषध आहे, ते लागू पडतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं म्हणजे वेड लागलं असं नाही. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला तर त्याच मिनिटाला मुलाला आणि या नंबरला फोन करायचा, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. बरोबरीने थायरॉईड, बी१२ आणि कान तपासून घ्या. इंजिनच्या आवाजात वर्षं गेली तुमची, ऐकू कमी आलं की माणूस चारचौघात जायचं टाळतो आणि ते त्याच्या स्वतःच्या पण लक्षात येत नाही.

अमेरिकेत हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, त्याच माणसांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत बघत आलेत. त्यात असं दिसलं की पन्नाशीत ज्यांची माणसांशी नाती चांगली होती ते ऐंशीत जास्त धडधाकट होते, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून पुढचं जास्त कळलं. मी दवाखान्यात हे रोज बघते, पण एवढी वर्षं मोजून कुणीतरी सांगितलं हे बरं झालं.

तुम्हाला मी लगेच योगा क्लास लावा, छंद जोपासा असं सांगणार नाही, आत्ता ते जमणार नाही. तीनच गोष्टी. पहाटे जाग आली की पडून राहू नका, उजाडलं की बाहेर पडा, अर्धा तास चाला, सकाळचा उजेड डोळ्यात गेला पाहिजे, त्याने रात्रीची झोप सुधारते. ताज्या जेवणाचा डबा निदान एका वेळेला लावा, शिळं आणि एकटं हे दोन्ही एकदम नको. आणि मी विचारल्यावर तुम्ही लिहिलंत की डेपोतले एक ड्रायव्हर मित्र, ते पण रिटायर आणि एकटेच, चार गल्ल्या सोडून राहतात, पण "बरेच दिवस झाले, आता कसं जायचं." जा काका. डबा घेऊन जा, कुठलं कारण लागत नाही, तुम्हाला बघून त्यांना काय वाटेल त्याचा विचार करा. मुलाला पण सांगा, बाबा नॉर्मल नाहीत म्हणून, त्याला रिपोर्ट वाचून वाटतंय सगळं छान आहे. पुढच्या महिन्यात मला पत्र टाका, औषध सुरू केलंत का, झोप कशी आहे, आणि मित्राकडे डबा न्यायचा वार कुठला ठरला ते पण.